चीजमागे धावणारी माणसं

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात यतीन सबनीसच्या टेबलावर एक फाइल आली. बारा माणसं एका चीजच्या मागे टेकडीवरून खाली धावत सुटणार होती, आणि त्यात धोका किती ते यतीनने ठरवायचं होतं.

यतीन दुबईतल्या एका इव्हेंट कंपनीत सेफ्टी ऑफिसर होता. लग्नाचे मांडव, गाड्यांची प्रदर्शनं, मॉलमधले गाण्याचे कार्यक्रम. जिथे काही उभं करायचं किंवा टांगायचं असेल तिथे आधी त्याची सही लागायची. मूळचा चिंचवडचा, इथे येऊन तेरा वर्षं झालेली. अल बर्शात मेट्रोपासून चालत दहा मिनिटांवर भाड्याचा फ्लॅट, बायको शुभ्रा एका दातांच्या क्लिनिकमध्ये रिसेप्शनला, मुलगा सिद्धार्थ चौथीत.

फाइल इंग्रज रहिवाशांच्या एका क्लबची होती. एप्रिलच्या दुसऱ्या शनिवारी त्यांची वसंत जत्रा होती. इंग्लंडात फेब्रुवारीपासून मेअखेरपर्यंत गावोगावी जे काही चालतं, ते सगळं त्यांनी एका दुपारीत बसवलं होतं. तव्यातलं पॅनकेक उडवत पळायची शर्यत होती. कांद्याच्या सालींत उकडून पिवळीधमक केलेली अंडी उतारावरून सोडायचा खेळ होता. उंच खांबाला बांधलेल्या रंगीत फिती धरून मुलांनी फेर धरायचा होता, आणि पायाला घुंगरांचे पट्टे बांधून, हातात पांढरे रुमाल घेऊन बाप्यांनी नाचायचं होतं. इथवर यतीनला हरकत घेण्यासारखं काही नव्हतं. शेवटच्या पानावर चीज होतं. चार किलोचं गोल चीज टेकडीच्या माथ्यावरून सोडायचं, मागून माणसांनी पळायचं, आणि जो खाली आधी पोचेल त्याला ते चीज मिळणार.

यतीनने ते पान तीनदा वाचलं. मग तो उठला, खिडकीपाशी गेला, परत आला, पुन्हा उठला. ऑफिसात कुणी मान वर करून पाहिलं नाही. त्याच्या या उठबशीची सगळ्यांना सवय झाली होती.

गेली दोन वर्षं त्याला एका जागी बसता येत नव्हतं. जेवताना मध्येच उठून तो गॅसचं बटण बघून यायचा. सिनेमाला गेला तर आधी बाहेर पडायचे दरवाजे मोजायचा. लिफ्टमध्ये शिरला की तपासणीची तारीख वाचायचा. संध्याकाळी सिद्धार्थ कार्टून बघत असला की हा टीव्हीसमोरून येरझाऱ्या घालायचा, आणि पोरगं वैतागून म्हणायचं, "बाबा, प्लीज सिट डाउन, आय कान्ट सी." शुभ्राने त्याला एकदा डॉक्टरकडेही नेलं होतं. डॉक्टरांनी चहा कमी करायला सांगितला.

कारण शुभ्राला ठाऊक होतं, पण अर्धंच. दोन वर्षांपूर्वी शारजातल्या एका प्रदर्शनाच्या हॉलमध्ये दिवे उतरवताना अक्रम नावाचा कामगार छताच्या लोखंडी सांगाड्यावरून खाली पडला. दरभंग्याचा, तिशीतला माणूस. कंबर मोडली, उजव्या टाचेचा चुरा झाला. चार महिने हॉस्पिटलात काढून तो गावी गेला. कंपनीच्या चौकशीत एक ओळ लिहिली गेली, की कामगाराने सेफ्टी बेल्ट लावलेला नव्हता, आणि फाइल बंद झाली.

उरलेलं अर्धं एकट्या यतीनला माहीत होतं. बेल्टचा हूक ज्या कड्यांत अडकवायचा, त्या कड्या तपासल्याची खूण त्या दिवशीच्या फॉर्मवर होती, खाली त्याची सही होती, आणि तो वर चढलाच नव्हता. त्या सकाळी त्याला तीन ठिकाणी जायचं होतं. पार्किंगमध्ये गाडीतच बसून त्याने फॉर्म भरला होता. अक्रमने बेल्ट लावला होता की नव्हता, हे त्याला माहीत नव्हतं. पण त्याला कुणी काही विचारलंच नाही. ते न विचारणंच त्याला बसू देत नव्हतं.

फाइल घेऊन तो सुजीतच्या केबिनमध्ये गेला. सुजीत कंपनीचा जनरल मॅनेजर. दोघं एकाच वर्षी दुबईत आलेले, सुरुवातीला देरा या जुन्या वस्तीत एका खोलीत राहिलेले, त्यामुळे अरेतुरेची भाषा होती. सुजीतने फाइल चाळली आणि हसून परत दिली. गवतावरून चीज घरंगळवायचंय, त्यात ना क्रेन ना वीज, सही कर आणि मोकळा हो, असं त्याचं म्हणणं पडलं. याच क्लबचा थंडीतला मोठा कार्यक्रम पुढे मिळायचा होता, तेव्हा नन्नाचा पाढा नको. यतीन म्हणाला की जागा बघतो आणि मग सांगतो.

जागा अल बर्शाच्या मागे, वाळवंटाच्या बाजूला होती. सायकल ट्रॅकसाठी रचलेली मातीची टेकडी, वर पाणी मारून मारून जगवलेलं गवत. तिथे त्याची वाट बघत कॉलिन नावाचा गृहस्थ उभा होता. वय एकाहत्तर, चाळीस वर्षं आखातात काढलेला इंजिनियर, जत्रेच्या समितीचा प्रमुख. डोक्यावर हॅट आणि काखेत, खरोखरच, चीजचा गोल. कुणी विचारायच्या आत त्याने किंमत सांगितली, साडेतीनशे दिरहम. यतीनने सवयीने मनात हिशेब केला. साडेआठ हजार रुपये. टेकडीवरून सोडून द्यायला.

कॉलिनचं गाव इंग्लंडच्या पश्चिमेला, जिथे ही चीजची शर्यत होते त्या भागातलं. तिथली टेकडी इतकी उभी आहे की तिच्यावर धड उभंही राहता येत नाही, असं तो सांगत होता. मेच्या शेवटच्या सोमवारी सगळा गाव जमतो. एकोणिसाव्या वर्षी तो स्वतः धावला होता. तिसरा आला आणि गळ्याजवळचं हाड मोडून घेतलं. दरवर्षी कुणाचं तरी काहीतरी मोडतंच.

यतीनने विचारलं, मग करता कशाला?

कॉलिनने चीज दुसऱ्या काखेत घेतलं. नक्की कुणालाच माहीत नाही, म्हणाला. कुणी सांगतं हिवाळा संपल्याचा आनंद, कुणी सांगतं गावच्या गायरानावरचा हक्क राखायला पूर्वजांनी सुरू केलं. त्याच्या आजोबांना विचारलं तर ते म्हणायचे, चीज खाली जातं म्हणून. एरवी हे सगळं एकाच दुपारी भरवणंही त्याला पटलेलं नव्हतं. पाच परगण्यांच्या पाच रीती, त्याही चुकीच्या महिन्यात. पण मेअखेर इथे बाहेर उभं राहवत नाही, त्याला इलाज नव्हता.

यतीनने उतार मोजला. मग म्हणाला, आधी नुसतं चीज सोडून बघू. कॉलिन वर गेला, यतीन खाली थांबला. चीज सुरुवातीला आळसावल्यासारखं निघालं, मग एका उंचवट्यावर आपटून उडालं, आणि त्यानंतर ते यतीनला नीट दिसलंच नाही. पायथ्याशी अडसर म्हणून रचलेल्या गवताच्या गठ्ठ्यांवरून उसळून ते पलीकडे वीस पावलांवर जाऊन पडलं. यतीनने नकाशा उघडला. त्या जागी लिंबू सरबताचं टेबल दाखवलं होतं.

कॉलिन धापा टाकत खाली आला, नकाशाकडे पाहिलं, आणि टेबल हलवू या म्हणाला.

त्यानंतरच्या आठवड्यात यतीन त्या टेकडीवर आणखी चार वेळा गेला. सकाळी ऑफिसला जाताना, दुपारी जेवणाच्या सुट्टीत. गवत ओलं असताना, गवत वाळल्यावर. खड्डे बुजवून घेतले, दगड वेचले, तो उंचवटा सपाट करून घेतला. तरी सही होईना. कागदावर सगळं ठीक दिसायला लागलं की त्याला जास्तच धास्ती वाटायची. सुजीतचे मेसेज येत राहिले. यल्ला यतीन, यल्ला. आटप लवकर.

शुक्रवारी सिद्धार्थची शाळा अर्धा दिवस असते. शुभ्राने त्या दुपारी सुट्टी घेतली आणि म्हणाली, रोज उठून कुठे जातोस ते आम्हालाही दाखव. तिघं टेकडीवर गेले. कॉलिन तिथे होताच, खांबाच्या फिती मोजत बसला होता. सिद्धार्थ त्याच्याकडे पळाला. शुभ्रा सावलीला बसली. यतीन टेकडीच्या माथ्यावर जाऊन उभा राहिला.

पुढचं त्याने काही ठरवून केलं नाही. खाली बघता बघता त्याच्या मनात आलं की चार दिवस आपण ही टेकडी मोजतोय, पण हिच्यावरून धावणाऱ्या माणसाला काय होतं ते आपल्याला माहीत नाही. त्याने खिशातला फोन काढून गवतावर ठेवला आणि तो धावला. पहिली सात-आठ पावलं त्याची होती. पुढची टेकडीची. पाय आवरेनात, शरीर पायांच्या पुढे गेलं, आणि तो खांद्यावर पडून दोन कोलांट्या खाऊन गवताच्या गठ्ठ्यांवर जाऊन आदळला.

शुभ्रा धावत आली. त्याची पँट गुडघ्यावर फाटली होती, कोपर सोलवटलं होतं, बाकी सगळं जागेवर होतं. तो उताणा पडून होता आणि उठत नव्हता. शुभ्राने दोनदा विचारलं, कुठे लागलंय. तिसऱ्यांदा विचारल्यावर तो म्हणाला, "मी वर गेलोच नव्हतो."

तिला वाटलं डोक्याला मार लागला. पण तो बोलत राहिला. शारजा, गाडीत बसून भरलेला फॉर्म, कड्यांपुढची खूण, सही. कॉलिनने काहीतरी ओळखलं असावं. तो सिद्धार्थला घेऊन लांब गेला आणि त्याला फिती धरायला शिकवू लागला.

शुभ्राने सगळं ऐकून घेतलं. तिने त्याला जवळ घेतलं नाही की रागावली नाही. बराच वेळ ती गवताची पाती उपटत राहिली. दोन वर्षं तिला वाटत होतं की नवरा एका गरीब माणसासाठी हळहळतोय, आणि त्याच्या हळवेपणाचं तिला मनातून कौतुकही होतं. तेही तिने बोलून दाखवलं. मग म्हणाली, "अक्रमला फोन कर."

"काय सांगू?"

"सांगू नकोस. आधी विचार. त्या दिवशी काय झालं, हे त्याला कुणी विचारलंय का?"

कुणी विचारलं नव्हतं. अक्रम तेव्हा बेशुद्ध होता, आणि शुद्धीवर येईपर्यंत ती ओळ लिहून झाली होती.

अक्रमचा जुना नंबर बंद होता. त्याची मावशी देऱ्यात असते एवढं यतीनला आठवत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो मेट्रोने तिकडे गेला आणि विचारत विचारत पत्ता काढला. खाडीवरच्या धक्क्याच्या मागच्या गल्लीत, एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर ही मावशी, मैमुनाबी, चाळीस कामगारांचं जेवण रांधायची. दार उघडंच होतं. ती भल्यामोठ्या पातेल्यात कांदा परतत होती. यतीनने नाव सांगितलं, कंपनी सांगितली. तिने कालथा खाली ठेवला नाही. दोन साल बाद क्यों, एवढंच तिने विचारलं.  माझी काहीतरी चूक झाली होती, असं यतीन तुटक हिंदीत म्हणाला. तिने त्याच्या खरचटलेल्या कोपराकडे पाहिलं, गॅस बारीक केला, आणि फोनमधून नंबर काढून दिला.

त्याने खाली रस्त्यावर उभं राहूनच फोन लावला. समोरून हातगाड्या जात होत्या, धक्क्यावर लाकडी गलबतांत फ्रिजची खोकी चढवत होते. अक्रमने आवाज लगेच ओळखला. सबनीस साहब, म्हणाला. यतीनने तब्येत विचारली, त्याने ठीक सांगितली. मग यतीनने विचारलं की त्या दिवशी वर काय झालं होतं.

 अक्रम म्हणाला, "बेल्ट लगाया था, साहब. हूक भी डाला था. कड़ी ही निकल आई."

"तुमने किसी को बताया?"

"फोरमैन को सुबह बोला था, वो वाली कड़ी हिलती है. उसने बोला, साहब चेक करने आएँगे, उनको दिखाना." अक्रमच्या आवाजात राग नव्हता, काल-परवाचं सांगावं तसं तो सांगत होता. "आप ऊपर आते तो दिखा देता."

 यतीनने आपलं सगळं सांगितलं, गाडीत बसून केलेल्या सहीसकट. माफ करा असंही म्हणाला.  अक्रमची अडचण वेगळी होती. गावाजवळ एक गोदाम झालं होतं, तिथे स्टोअरकीपरची जागा होती, उभं राहायचं काम कमी. पण तिथल्या मालकाने दुबईच्या कंपनीला फोन करून चौकशी केली होती, आणि कंपनीतून कुणीतरी कागद बघून सांगितलं होतं की हा माणूस बेल्ट न लावता काम करायचा.

"वो कागज़ बदल सकता है क्या, साहब?" अक्रमने विचारलं.

यतीन हो म्हणाला. बदलता येईल की नाही ते त्याला ठाऊक नव्हतं.

सोमवारी तो सुजीतपुढे बसला. म्हणजे उभाच राहिला. आधी चीजचं सांगितलं. बारा जण एकदम नाही, चार-चारच्या तीन फेऱ्या, दर फेरीला एक चीज. सरबत उलट्या बाजूला. आणि पायथ्याशी धावणाऱ्यांना धरायला दणकट माणसं. कॉलिन सांगत होता की त्यांच्याकडे हे काम रग्बीचे खेळाडू करतात. यतीनने इंटरनॅशनल सिटी या वस्तीतल्या भानुदास घुल्यांना विचारलं होतं. सांगलीचे भानुदास फरशीकामाचे ठेकेदार, पण ओळख त्यांची वेगळी. मराठी मंडळाचा कबड्डीचा संघ त्यांच्या हातात होता. ते आठ गडी घेऊन यायला तयार होते. सुजीतला हे ऐकून हसू आलं आणि त्याने सगळ्याला होकार दिला.

मग यतीनने शारजाचं सांगितलं, आणि सुजीत हसायचा थांबला.

ती चौकशी पुढे पाठवणारा सुजीतच होता. त्याने उठून केबिनचं दार लावलं. हे प्रकरण आता खलास झालंय, उकरून काढलंस तर तुझी नोकरी जाईल, व्हिसा जाईल, सिद्धार्थची शाळा सुटेल, असं त्याने एकेक करून सांगितलं. यातलं काहीही खोटं नव्हतं. यतीन म्हणाला, "आपल्यासाठी खलास झालंय. त्याला अजून काम मिळत नाहीये."

 शेवटी सुजीतने एवढंच मागितलं की जे काही लिहून द्यायचं ते जत्रा झाल्यावर दे. आज दिलंस तर आजच तुझा सहीचा अधिकार जाईल, आणि त्या टेकडीवर दुसरा कुणीतरी डोळे मिटून सही करेल. यात सुजीतचा स्वार्थ होता आणि खरंही होतं. यतीनने पाच दिवस थांबायचं कबूल केलं.

ते पाच दिवस त्याला फार जड गेले. लिहिलेलं निवेदन लॅपटॉपमध्ये तयार होतं. दिवसातून दहा वेळा तो ते उघडायचा आणि बंद करायचा. बुधवारी दुपारी त्याच्या मनात पहिल्यांदा आलं की न पाठवलं तरी चालेल. अक्रमला कंपनीकडून एक चांगलं पत्र मिळवून देऊ, काम तेवढंच आहे, जुना कागद कशाला हलवायचा. हा विचार इतका सोयीचा होता की तो घाबरला. शुभ्राला त्याने फोन करून तसं सांगितलं. ती म्हणाली, तुला काय करायचं ते कर, फक्त मला पुन्हा अर्धं सांगू नकोस.

गुरुवारी तो कॉलिनकडे गेला. ज्या माणसाच्या सहीवर तुमची जत्रा चालणार आहे, त्याने एकदा न बघता सही केलीय आणि त्यात एक माणूस अधू झालाय, हे त्याने स्वतःच सांगून टाकलं. तुम्हाला दुसरा माणूस हवा असेल तर अजून वेळ आहे. कॉलिन अंडी मोजत होता. अंडी पूर्ण मोजून झाल्यावरच त्याने मान वर केली.

"ही टेकडी तुम्ही पाहिलीये?"

"हो."

"तुम्ही तिच्यावरून पडलातसुद्धा. मी पाहिलं. सही करा."

शनिवारी दुपारी चारला ऊन अजून पांढरं होतं. पांढऱ्या कपड्यांतले इंग्रज घुंगरं वाजवत नाचले आणि प्रत्येक नाचानंतर रुमालांनी घाम पुसत राहिले. पॅनकेकची शर्यत एका पाकिस्तानी आजोबांनी जिंकली. ते मुळात नातवाला सोडायला आले होते. खांबाभोवती मुलांनी फेर धरला. सिद्धार्थ उलट्या दिशेने फिरला, निम्म्या फिती एकमेकींत अडकल्या, आणि कॉलिनने शिडी लावून त्या सोडवल्या. कांद्याच्या सालींतली अंडी उतारावरून गेली, फुटली ती मुलांनी तिथेच मीठ लावून खाल्ली. यतीनने यातलं फारसं काही पाहिलं नाही. तो टेकडीच्या वरून खाली, खालून वर चालत होता.

सहाला चीज निघालं. पायथ्याशी भानुदास आणि त्यांचे गडी निळ्या बनियनांत साखळी करून उभे होते. आपण नक्की काय धरायचं, असं त्यांच्यातल्या एकाने विचारलं होतं. भानुदास म्हणाले, "येणाऱ्याला धरायचं. चीजला जाऊ द्यायचं."

पहिल्या फेरीत चौघंही पडत, लोळत, पण नीट खाली आले. दुसऱ्या फेरीत एक धिप्पाड ऑस्ट्रेलियन मध्येच तिरका सुटला आणि थेट बघ्यांच्या दोरीकडे निघाला. दोरीपलीकडे बायकामुलं होती. यतीन वर होता, त्याला नुसतं बघण्याखेरीज काही करता येत नव्हतं. साखळीचं टोक वळलं. भानुदास आणि दुसरा एक जण त्या माणसाच्या कमरेला आणि मांडीला भिडले, आणि तिघंही दोरीच्या हातभर अलीकडे आडवे झाले. उठल्यावर त्या ऑस्ट्रेलियनने भानुदासांना मिठी मारली. त्याचा पुढचा एक दात तुटला होता. शुभ्राने त्याला तिथल्या तिथे रविवारची वेळ दिली.

तिसरी फेरी अलिशा नावाच्या केरळच्या फिजिओथेरपिस्टने जिंकली. ती पडली नाही, अख्खा उतार बसून घसरत आली. यावर इंग्रजांत थोडा वाद झाला. बसून येणं नियमात बसतं का, हे कॉलिनला विचारलं गेलं. नियम कधी कुणी लिहिलेच नाहीत, म्हणाला, आणि त्या फेरीचं चीज तिला देऊन टाकलं. दिवसाचा हिशेब एक दात आणि एक मुरगळलेला घोटा एवढाच झाला. यतीनने दोन्ही नोंदवले.

सोमवारी सकाळी नऊ वाजता त्याने निवेदन पाठवलं. दुपारपर्यंत त्याचा सहीचा अधिकार गेला. आठवड्याने लेखी ताकीद मिळाली आणि त्याची बदली स्टोअरला झाली. नोकरी गेली नाही. ते सुजीतमुळे झालं असावं, पण सुजीत त्याबद्दल काही बोलला नाही, आणि मग कशाबद्दलच बोलेनासा झाला. ती चौकशी सुजीतने पुढे पाठवलेली होती, त्यामुळे त्यालाही उत्तरं द्यावी लागली. शुभ्राने क्लिनिकमध्ये शनिवारची जादा पाळी घेतली. यतीन गोदामात ताडपत्र्या, खुर्च्या, केबलची वेटोळी मोजू लागला. तिथे एसी जेमतेम चालायचा. काम चालण्याचंच होतं, आणि तो दिवसभर चालत असायचा.

चौकशीचा दुरुस्त अहवाल जूनमध्ये निघाला. कामगाराने बेल्ट लावलेला होता, कडी निखळली, कड्यांची तपासणी झालेली नव्हती. त्याची एक प्रत आणि कंपनीचं पत्र दरभंग्याला गेलं. यतीनने रोज एकदा कुरियरचा नंबर तपासला. पोचल्याचं दिसल्यावरही अक्रमचा फोन आला नाही. एक आठवडा गेला, मग दुसरा. आपण कशाची वाट बघतोय हे त्याचं त्यालाच सांगता येत नव्हतं.

जुलैच्या पहिल्या रविवारी दुपारी फोन आला. यतीन घरी सिद्धार्थच्या शाळेच्या नव्या पुस्तकांना कव्हरं घालत होता. अक्रमने सांगितलं की पत्र मिळालं, गोदामवाल्याला दाखवलं, त्याने पंधरा तारखेपासून यायला सांगितलंय. यतीनने टाचेचं विचारलं. टाच तशीच आहे, अक्रम म्हणाला, थंडीत जास्त दुखते. मग म्हणाला की अम्मीला बोलायचंय, आणि उत्तराची वाट न बघता त्याने फोन दिला.

म्हातारीचा आवाज बारीक होता. तिने आधी खात्री करून घेतली की कागदावर खोटं लिहिणारा आणि मग खरं लिहिणारा, तो हाच. यतीन म्हणाला, हो, मीच.

"हम दो साल इसी को डाँटते रहे," ती म्हणाली. "कि बेल्ट काहे नहीं लगाया. खाना देते बखत भी बोलते थे. ये कहता था, अम्मी लगाया था. हम नहीं माने. हम सोचे, कंपनी का कागज़ झूठ काहे बोलेगा."

यतीनच्या हातात खाकी कागद होता. समोर सिद्धार्थ चिकटपट्टीचं टोक धरून थांबला होता. शुभ्रा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

"आपके बच्चे हैं?" म्हातारीने विचारलं.

"एक है. लड़का."

"अच्छा," ती म्हणाली. पलीकडे कुठेतरी कोंबडी ओरडत होती. "वो कुछ कहे, तो पहले उसकी सुनिएगा," म्हातारी म्हणाली आणि तिने फोन अक्रमला परत दिला.